पाखराचा वास काय सांगतो?

दूध नासले की ते जिभेच्या आधी नाकाला कळते. पीठ जुने झाले, तेल खवट झाले, भात आंबला, हे ओळखायला आपल्याला कुणी शाळेत शिकवले नाही. रोज तोच वास घेऊन घेऊन नाक शहाणे झाले. गोठ्यात पाऊल टाकताच म्हशीचे पोट बिघडलेय हे सांगणारी जुनी माणसे तुमच्या गावातही असतील. मग घरातल्या पाखराचे काय? त्याला वास असतो का? आणि असला, तर त्यावरून त्याची प्रकृती कळते का?

मुंबईत एका घरी आम्ही जे पाहिले, तेच आधी सांगतो.

तुमच्या गावचे कुणी ना कुणी मुंबईला असणारच. पूर्वी ही मंडळी परळ-लालबागला राहत. पुढे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशी उपनगरांत पसरली. घरे लहान. गाय नाही, गोठा नाही, अंगण नाही. गावच्या मुलाला कोंबडीची पिले, वासरू, मांजर सगळे मिळते. इथल्या मुलाला काय मिळणार? मग बाप पिंजरा आणतो. त्यात हिरवी, पिवळी, निळी अशी चिमणीएवढी पाखरे. लोक त्यांना लव्हबर्ड म्हणतात. खरे पाहता लव्हबर्ड हे आफ्रिकेतले निराळे पाखरू. आपल्याकडे ज्याला हे नाव पडले आहे ते बहुतेक वेळा बजरीगर. हा पोपटाचाच धाकटा भाऊ. मूळचा ऑस्ट्रेलिया देशातला, कोरड्या माळरानावरचा. १८४० साली गूल्ड नावाच्या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने तो जिवंत इंग्लंडात नेला, आणि तिथून तो जगभर घरोघरी गेला. असो.

तर घाटकोपरला टेकडीवरच्या वस्तीत एक कुटुंब राहते. मूळचे संगमेश्वराकडचे. मागच्या पावसाळ्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. गावाहून आजी आल्या होत्या. दाराशी पिंजरा टांगलेला. पाखरू एकच. जोडी आणली होती, पण त्यातले एक आठ दिवसांपूर्वी मेले होते. पिंजऱ्याखाली उदबत्ती लावलेली.

आजींनी विचारले, “अगो, पाखराफुडे उदबत्ती कशाला? देव हाय काय तो?”

सून म्हणाली, “आई, वास येतो हो त्याला. पाहुणे येतात, बरं दिसत नाही.”

आजी उठल्या. त्यांनी आधी उदबत्ती काढून बाहेर ठेवली. थोड्या वेळाने पिंजऱ्याजवळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पाखराला वास येतो तसा ह्यो वास न्हाय. ह्यो आंबलेला वास. माझ्या कोंबड्यांना असा वास आला का मी समजते, दाणा पोटात उतरत न्हाय. काय घालता ह्याला?”

तेव्हा नातवाने सांगितले. तो रोज सकाळी आपल्या चहात पाव बुडवून पाखराला भरवत असे. पाखरू आवडीने खाई. मेलेल्या पाखराचाही तो लाडका होता. आणि त्यालाही शेवटी असाच आंबूस वास येत होता, हे सुनेला आता आठवले. तेव्हा तिने पिंजरा फिनेलने धुतला होता.

दुसऱ्या दिवशी पाखराला डॉक्टरकडे नेले. सूनबाईंच्या मनात आले, की जोडी आणायला जेवढे पैसे पडले तेवढे डॉक्टरच्या एका भेटीला जाणार. पण पोरगा रडू लागला, म्हणून नेले. डॉक्टरांनी पाखराच्या गळ्याखाली बोट लावून पाहिले. कापसाच्या काडीने तोंडातली लाळ घेतली, काचेवर पसरली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. लाळेत बुरशी होती. पीठ आंबवणारी जी जात, तिचीच ही बहीण.

काय झाले होते ते समजून घेऊ. पाखराला दात नसतात. ते दाणा गिळते, आणि तो आधी छातीच्या वर असलेल्या एका पिशवीत जातो. कोंबडी पोटभर खाऊन आली की गळ्याखाली टेंगूळ दिसते ना? तीच ही दाण्याची पिशवी. तिथे दाणा भिजतो आणि थोडा थोडा करून पुढे पोटात जातो. रात्री भरलेली पिशवी सकाळी रिकामी झालेली असली पाहिजे. चहात भिजलेला पाव म्हणजे चिकट गोळा. त्यात साखर, त्यात दूध. दुधातली साखर पाखराला पचतच नाही. पाखरू कधी आईचे दूध पीत नाही, मग ती पचवण्याची सोय त्याच्या शरीरात असेल कशाला? गोळा पिशवीत अडकला, आंबला, बुरशी वाढली, आणि तोंडाला आंबूस वास आला. म्हणजे उदबत्तीने जो वास झाकला जात होता, तो पाखराचा निरोप होता. शिवाय उदबत्तीच्या धुराचा त्रास पाखरालाच. तो कसा, ते पुढे सांगतो.

औषधाने ते पाखरू वाचले. चहा-पाव बंद झाला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. निरोगी पाखराला वास असतो का? असतो, पण मंद. कोंबडी सोलणाऱ्याला विचारा. शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या बाजूला एक लहान पिवळी गाठ असते. मटणाला वास लागू नये म्हणून ती काढून टाकतात. ती तेलाची गाठ. पाखरू चोच मागे वळवून ती दाबते, तेल चोचीला लागते, आणि मग ते सगळ्या पिसांना चोपडते. आपण केसांना खोबरेल लावतो तसे. त्या तेलाने पिसे मऊ राहतात, पाणी झटकतात. बदकाची गाठ मोठी, म्हणून ते पाण्यातून कोरडे बाहेर येते. या तेलाला प्रत्येक जातीचा आपला वास असतो. बजरीगराचा वास सुक्या धान्यासारखा, किंचित गोडसर. डोक्यावर तुरा असलेले, गालावर तांबडा ठिपका असलेले एक पाखरू हल्ली पुष्कळ घरी दिसते. लोक त्याला कॉकटेल म्हणतात. त्याच्या अंगातून पांढरी भुकटी झडते, तेव्हा त्याला पावडरीसारखा, धुळीसारखा वास येतो. तो रोग नव्हे.

काही पाखरांचा वास तर निसर्गानेच उग्र केला आहे. डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला हुदहुद तुम्ही शेतात पाहिला असेल. त्याची मादी अंड्यांवर बसली, की तिच्या तेलाच्या गाठीतून काळसर, सडक्या मांसासारखा घाणेरडा रस येतो. ती तो पिसांना आणि अंड्यांना लावते. त्या रसातले सूक्ष्म जीव अंड्यांचे रोगापासून रक्षण करतात, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. पिले उडून गेली की वास जातो. उलट, उत्तरेच्या थंड समुद्रावर तुऱ्याचे एक लहान पाखरू राहते. विणीच्या दिवसांत त्याच्या मानेला चक्क संत्र्याचा वास येतो! तेव्हा ‘वास येतो म्हणजे रोग’ असे कुणी धरून चालू नये. आपल्या पाखराचा रोजचा वास कोणता, हे आधी माहीत पाहिजे. तो बदलला की सावध व्हायचे.

हे इतके जपून का करायचे? कारण पाखरू दुखणे लपवते. रानात जे पाखरू मरगळलेले दिसते त्यावर ससाण्याची, मांजराची नजर आधी जाते. म्हणून आजारी पाखरूसुद्धा माणूस समोर आला की अंग सावरून बसते, दाणा टिपल्यासारखे करते. पिसे फुगवून, डोळे मिटून ते तळाशी बसलेले दिसते, तोपर्यंत दुखणे बरेच पुढे गेलेले असते. वास मात्र त्याला लपवता येत नाही.

पण वास घ्यायचा कसा? नाक पिसांत खुपसून नव्हे. पाखराच्या अंगच्या धुळीने माणसाच्या छातीला त्रास होतो. सकाळी पिंजऱ्यावरचे फडके काढले, की हातभर अंतरावर उभे राहा, आणि तळहाताने हवा आपल्याकडे घ्या. उकळत्या आमटीचा वास घेतो तशी. त्या वेळी फोडणी नको, उदबत्ती नको, विडी नको. घरातले वास पिसांत मुरतात, आणि मग पाखराचा कोणता नि घराचा कोणता हे कळत नाही. एका खोलीच्या घरात हे कठीण आहे खरे. म्हणून चूल पेटण्याआधीची वेळ धरावी.

मग शीट पाहा. पिंजऱ्याच्या तळाला जुने वर्तमानपत्र घाला आणि ते रोज बदला. पाखरू लघवी वेगळी आणि शौच वेगळे करत नाही. एकाच शिटेत तीन गोष्टी असतात: हिरवट किंवा तपकिरी वळी, पांढरा खडूसारखा भाग आणि थोडे पाणी. तो पांढरा भाग म्हणजे पाखराची लघवी. दाणा खाणाऱ्या निरोगी बजरीगराच्या शिटेला जवळजवळ वास नसतो. रोज कागद बदलूनही तिला घाण वास येऊ लागला, ती पातळ झाली, शेपटीखालची पिसे चिकटून ओली राहू लागली, तर आतड्यात बिघाड आहे असे समजावे. आता तुम्हाला लिहिता येते. तेव्हा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या तारखेला दोन शब्द लिहून ठेवा: ‘वास आंबट’, ‘शीट पातळ’. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, की कधीपासून? आणि तिथे उभे राहिल्यावर कुणालाच नीट आठवत नाही.

पिंजऱ्यातल्या पाखरापेक्षा तुमच्यापैकी पुष्कळांचा संबंध कोंबडीशी. मुंबईच्या उपनगरांतही कोंबडी अजून आहे बरे का. गोराई, मनोरी, मढ इथल्या गावठाणांत जा, आरेच्या जंगलातल्या आदिवासी पाड्यांवर जा, दाराशी खुराडे दिसेल. कोंबडीच्या वासाचे शास्त्र थोडे निराळे आहे, आणि ते ठाऊक नसले तर भलतीच भीती वाटते.

कोंबडीच्या पोटात मुख्य आतड्याला जोडून दोन आंधळी आतडी असतात. आंधळी म्हणजे एका टोकाला बंद. त्यात अन्न जास्त वेळ मुरते. त्यामुळे आठ-दहा शिटांमागे एखादी शीट तपकिरी, चिकट, मळीसारखी आणि भयंकर वासाची पडते. ती पाहून कित्येक जण घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. उलट ती पडते आहे म्हणजे पोट ठीक आहे. खुडूक बसलेल्या कोंबडीचे आणखी वेगळे. ती अंड्यांवरून दिवसातून एकदा-दोनदाच उठते. तोवर घरटे घाण होऊ नये म्हणून सगळे धरून ठेवते, आणि उठली की एकदम मोठी शीट टाकते. तिचा वास असा, की माणूस नाकाला पदर लावतो. हाही रोग नव्हे. आईपणाची शिस्त आहे ती.

पण कोंबडीच्या तोंडाकडून, नाकाकडून घाण वास आला, तर मात्र थांबू नका. एक सर्दी अशी असते, की तोंड सुजते, एक डोळा मिटतो, नाकातून चिकट पाणी गळते आणि त्याला सडका वास येतो. खुराड्याचे दार उघडताच तो वास भपकन येतो. ही सर्दी पाण्याच्या भांड्यातून एकीची दुसरीला लागते. बरी झालेली कोंबडीसुद्धा पुढे ती पसरवत राहते. वास आला त्याच दिवशी ती कोंबडी वेगळी काढली, भांडी घासून उन्हात वाळवली आणि गुरांच्या दवाखान्यात विचारले, तर बाकीच्या वाचू शकतात. घरातल्या बाईचे मीठ-मिरचीचे पैसे अंड्यांवर चालतात. एक दिवस उशीर म्हणजे तिचा महिनाभराचा आधार गेला.

दाण्याची पिशवी कोंबडीचीही आंबते. सकाळी दाणा घालण्याआधी गळ्याखाली हात लावून पाहा. पिशवी फुगलेली, पाण्याच्या पिशवीसारखी लिबलिबीत आणि तोंडाला ताकासारखा आंबट वास, ही त्याची खूण. इथे एक सांगणे आहे. काही लोक कोंबडीला उलटी धरून पिशवी पिळतात. तसे करू नका. ते पाणी श्वासनळीत शिरते आणि कोंबडी हातातच गुदमरून मरते.

आणखी एक वास कोंबडीचा नसून घराचा असतो. खुराड्याच्या तोंडाशी वाका. नाकात झिणझिण्या आल्या, डोळ्यांत पाणी आले, तर तो अमोनिया वायू. ओल्या शिटेतून तो निघतो. आपण उभे राहतो म्हणून आपल्याला तो कळत नाही. कोंबडी तर रात्रभर त्यातच बसलेली. तिचे डोळे जळजळतात, श्वासनळी सोलवटते, आणि मग सर्दी-खोकल्याला वाट मोकळी होते. ओले तूस काढावे, कोरडे घालावे, वरच्या बाजूला हवा जायला जागा ठेवावी. याला औषध लागत नाही, खराटा लागतो.

कबुतरे पाळणाऱ्यांनी तोंडातच पाहावे. घाण वास आणि घशात पिवळा, पनीरासारखा थर दिसला, तर तो अगदी बारीक जीवाने होणारा रोग आहे. आईबापांनी पिलांना भरवताना तो पिलांत उतरतो. पिवळा थर नखाने खरवडू नका, रक्त वाहते. त्याला औषध आहे.

आता पावसाळ्याचे बोलू. मुंबईच्या उपनगरांत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भिंती ओल धरतात, कपडे वाळत नाहीत, डब्यातले मीठ पाझरते. तशात पिशवीतले राळे आणि बाजरी कशी कोरडी राहील? त्यांना कुबट वास येतो. पाखराला कुबट वास आला, तर आधी त्याच्या दाण्याचा वास घ्या. मूठभर दाणे हातात घ्या, त्यावर तोंडाची वाफ सोडा, आणि हुंगा. बुरशी असली तर लगेच कळते. असे दाणे धुऊन, वाळवून पुन्हा घालू नयेत. बुरशी वाळते, पण तिचे विष राहते.

या विषाची गोष्ट जगाला कळली ती पाखरांमुळेच. १९६० साली इंग्लंडात टर्की नावाची मोठी पाखरे पटापट मरू लागली. कोंबडीसारखीच ती मांसासाठी पाळतात. एक लाखाच्या वर मेली. रोगाचा जंतू सापडेना. शेवटी शोध लागला, की त्यांना घातलेली शेंगदाण्याची पेंड बुरशीने विषारी झाली होती. ती पेंड ब्राझील देशातून आली होती. त्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव पडले. ते माणसाच्या यकृतालाही अपाय करते. गंमत अशी, की विषाला स्वतःला वास नाही. कुबट वास येतो तो बुरशीचा. तेवढीच काय ती खूण. आणि आपल्याकडे बाई काय करते? बुरसटलेले शेंगदाणे आणि दाणे माणसांना नकोत म्हणून कोंबड्यांपुढे टाकते.

इथे आम्हाला एक कबुली दिली पाहिजे. वासावर फार भरवसा ठेवला तरी माणूस फसतो. पाखराला वास नाही, म्हणजे ते निरोगी, असे नाही. इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत मजूर कॅनरी नावाचे लहान पिवळे पाखरू पिंजऱ्यात घालून खाली नेत. ही युक्ती १८९० नंतरच्या वर्षांत हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने सुचवली. खाणीत कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला तो कळत नाही, पण कॅनरी आधी लटपटून पडे, आणि मजूर जीव घेऊन वर पळत. १९८६ पर्यंत ही पाखरे खाणींत होती. पाखरू आधी का पडते? त्याच्या फुप्फुसांना जोडून अंगभर हवेच्या पिशव्या असतात. श्वास आत घेताना आणि बाहेर सोडताना, दोन्ही वेळी ताजी हवा फुप्फुसांतून जाते. उडायला ही रचना उत्तम. पण हवेत विष असले तर तेही दुप्पट वेगाने भिनते. म्हणून उदबत्ती, डासांची अगरबत्ती, विडी यांचा धूर पाखराला आपल्यापेक्षा जास्त बाधतो. अन्न न चिकटणारा काळ्या लेपाचा तवा रिकामाच फार तापला, तर त्यातून निघणाऱ्या वाफेने त्याच घरातले पाखरू काही मिनिटांत मरते. माणसाला तर एखाद वेळी वाससुद्धा येत नाही. शहरातल्या एका खोलीत पिंजरा आणि शेगडी हातभर अंतरावर असतात, म्हणून हे सांगितले.

रोगाचेही तसेच. १९२९-३० साली दक्षिण अमेरिकेतल्या पोपटांबरोबर एक ताप अनेक देशांत पसरला आणि माणसे मेली. त्याला पोपटताप म्हणतात. असे पाखरू वरून ठणठणीत दिसू शकते आणि त्याला वास येईलच असे नाही. आज त्यावर औषध आहे. पण घरात पाखरू असेल आणि कुणाला ताप-खोकला हटत नसेल, तर डॉक्टरला ‘आमच्याकडे पाखरू आहे’ हे सांगितले पाहिजे. कबुतरांची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर फुप्फुसे आखडतात. त्यावरूनच मुंबईत मोठा वाद झाला, आणि २०२५ च्या जुलैत राज्य सरकारने शहरातले ५१ कबुतरखाने बंद करायला महापालिकेला सांगितले.

राणीखेत रोगाला काही ठिकाणी मानमोडी म्हणतात. त्यात कोंबडी मान वाकडी करते, हिरवी पातळ शीट टाकते. तिथे वास घेऊन उपयोग नाही; लस आधीच दिलेली असली पाहिजे. आणि वस्तीत एकाएकी पुष्कळ कोंबड्या किंवा कावळे मरू लागले, तर जवळही जाऊ नका. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला असेच झाले. तो बर्ड फ्ल्यू निघाला. भारतात तो पहिल्यांदाच आला होता, आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. अशा वेळी मेलेले पाखरू हातात घेणे म्हणजे स्वतःच्या जिवाशी खेळ. पशुसंवर्धन खात्याला कळवा.

एक गोष्ट मध्येच राहिली. वर आम्ही बजरीगर, कॉकटेल यांचे सांगितले. आपला रानातला हिरवा पोपट, गळ्याला गुलाबी कंठी असलेला, ‘विठू विठू’ म्हणणारा, त्याचे सांगितले नाही. त्याला पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने झाडांच्या ढोलीत त्याची पिले असतात, तिथेच ती शोभतात. ज्यांच्याकडे असा पोपट अजून असेल त्यांनी खिडकी उघडून त्याला सोडून देऊ नये. हातावर वाढलेल्या पोपटाला बाहेर दाणा मिळवता येत नाही, कावळे त्याला टोचून मारतात. वनखात्याला कळवावे.

आता दवाखान्याचे. पाखरांचे डॉक्टर निराळे असतात का, असे लोक विचारतात. गावाकडे गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टरच कोंबडी पाहतात. मुंबईत परळला जनावरांचे जुने मोठे रुग्णालय आहे. लोक त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. दिनशा पेटिट या पारशी गिरणीमालकांनी पत्नी साकरबाई यांच्या नावाने ते गेल्याच्या मागच्या शतकात उभे केले. त्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. उपनगरांतही आता खाजगी डॉक्टर पुष्कळ आहेत. मात्र जाण्याआधी, ‘तुम्ही पाखरे तपासता का?’ एवढे विचारून जावे. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पाखरू हातात घेत नाहीत. घरातली माणसाची गोळी कुटून पाखराला घालू नये. तीस-चाळीस ग्रॅमच्या जिवाला तिचा कणही जास्त होतो.

नेताना पिंजऱ्यावर सुती फडके टाका, म्हणजे ते घाबरणार नाही. पण हवा कोंडू नका. सकाळच्या आठ-नवाच्या लोकलमध्ये पिंजरा घेऊन चढू नका, घाटकोपरला तर नाहीच नाही. पाखरू गर्दीच्या धक्क्यानेच अर्धे होईल. अकरानंतर निघा. पिंजरा धुऊन, लख्ख करून नेऊ नका. डॉक्टरांना पाहायचे असते तेच त्यात धुऊन जाते. ते जे दाणे खाते त्यातले मूठभर कागदाच्या पुडीत बांधून घ्या. आणि त्या दिवशी सकाळी तळाचा जो कागद निघेल तो फेकू नका. शीट आत राहील अशी त्याची घडी घाला, वर तारीख लिहा आणि पिशवीत घेऊन जा.